पाव मिलिमीटरचा हिशेब

शर्टाचं एक बटण घ्या, पुढच्या पट्टीवरचं, नेहमीचं. त्याचा व्यास साधारण साडेअकरा मिलिमीटर भरतो. दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ तेवढंच असतं, 11.5 मिलिमीटर. त्याच्याही आत 5 मिलिमीटरचं आणखी एक वर्तुळ असतं, मसुरीच्या दाण्याएवढं. दोघांचे गुण सारखे झाले की कोणाचे छर्रे त्या दाण्यात जास्त वेळा गेले ते पाहतात. हे बटण जमिनीपासून 1.40 मीटर उंचीवर भिंतीला चिकटवा आणि दहा मीटर मागं या. किलोभर वजनाचं पिस्तूल एकाच हातात धरा, हात सरळ ठेवा, कोपराला किंवा मनगटाला कसलाही आधार देऊ नका. आता 75 मिनिटांत त्या बटणावर साठ छर्रे मारायचे आहेत.

मुळशी तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात हे रोज चालतं. हे संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. ऑक्टोबर 2008 मध्ये इथं राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतनं पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा तिला अठरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. पुढं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. गगन नारंगची 'गन फॉर ग्लोरी' अकादमीही 2011 पासून याच परिसरात आहे. त्यामुळं पिरंगुट, लवळे, नांदे-चांदे, माण या गावांतल्या मुलांना हा खेळ टीव्हीवर शोधावा लागत नाही. दप्तराशेजारी पिस्तुलाची पेटी घेऊन बसमध्ये चढलेली मुलगी त्यांनी पाहिलेली असते.

पौडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडं आले ते असंच काहीतरी पाहून. भातशेती आणि जोडीला दुधाचा धंदा. मुलगी नववीत. आठ महिने ती क्लबच्या सामाईक पिस्तुलावर शिकली होती आणि आता स्वतःचं घ्यायची वेळ आली होती. त्यांनी थेट विचारलं, "सर, ऐंशी हजार बाजूला काढलेत. त्याच्यात सगळ्यात अचूक पिस्तूल कोणतं बसंल?"

हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा ऐकू येतो. त्याच्या उत्तरात पिस्तुलाचं नाव सगळ्यात शेवटी येतं, म्हणून हे प्रकरण जरा लांबणार आहे.

आधी कायद्याचं बोलू, कारण पालकांच्या मनात खरी भीती त्याचीच असते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटर व्यासाचं आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेचं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगानं सोडतं. त्याची ऊर्जा साडेपाच-सहा जूल होते, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत. दुकानदार ओळखपत्र घेतो, बिल देतो. ते बिल पेटीतच ठेवायचं आणि पेटीला कुलूप लावायचं. सहा जूल कमी वाटले तरी डोळा जायला त्याहून खूप कमी ऊर्जा पुरते. या वाक्यापुढं मी मुलांना नेहमी थोडा वेळ गप्प बसवतो. 25 मीटरच्या खेळाचं .22 पिस्तूल मात्र परवान्याचं काम आहे. त्याला खर्च आणि कागदपत्रं दोन्ही मोठी लागतात. मध्यम बजेटच्या घरानं सुरुवात एअर पिस्तुलापासूनच करावी.

आता अचूकतेकडं येऊ. पिस्तुलाची अचूकता आणि नेमबाजाची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे खर्च करताना लोक नेमकी यातच गल्लत करतात.

पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळलं, नळीला धक्का लागणार नाही असं रबर घातलं आणि एकाच जागी पाच छर्रे सोडले, तर चांगलं स्पर्धेचं पिस्तूल कागदाला एकच भोक पाडतं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि पाच छर्ऱ्यांचं मिळून भोक पाच-सहा मिलिमीटरचं. नव्या पिस्तुलाच्या पेटीत कारखान्यात मारलेलं असं चाचणीचं कार्ड येतं. श्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी, यांतलं कोणतंही घ्या. जर्मनीत 1965 पासून बरीच वर्षं बनलेलं फाइनवेर्कबाउ 65 हे स्प्रिंगचं जुनं पिस्तूल, ज्याची अख्खी यंत्रणा रुळावरून मागं सरकून धक्का गिळते, तेही नीट राखलेलं असेल तर असंच भोक पाडतं. छर्ऱ्याची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य बटणाच्या मध्यापासून 8 मिलिमीटर सरकला तरी चालतं. मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडंतिकडं करणारं पिस्तूल आपले गुण खात नाही.

गुण कुठं जातात ते गणितानं दिसतं. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंत, जुने शिकारी जिला माशी म्हणत तिच्यापर्यंत, अंतर साधारण 32 सेंटिमीटर असतं. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे या अंतराच्या एकतीस पट लांब. खाचेच्या मधोमध दिसायला हवी ती माशी पाव मिलिमीटर डावीकडं गेली की लक्ष्यावर छर्रा जवळजवळ आठ मिलिमीटर डावीकडं लागतो. आणि एका गुणाची पट्टी बरोबर आठ मिलिमीटरची असते. पाव मिलिमीटर म्हणजे जाड कार्डाची जाडी. आधीच जरा बाजूला जाणाऱ्या छर्ऱ्याचा तेवढ्यानं एक गुण जातो. उलट अख्खा हातच, माशी आणि खाच एका रेषेत ठेवून, आठ मिलिमीटर सरकला तर छर्राही आठच मिलिमीटर सरकतो. म्हणून प्रशिक्षक 'हात हलू दे, माशी हलू देऊ नकोस' असं ओरडत असतात, आणि म्हणूनच नजर लक्ष्यावर न ठेवता माशीवर ठेवायला शिकवतात. काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालतं.

आणखी एक आकडा. छर्ऱ्याला दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात तो सुमारे 22 मिलिमीटर खाली येतो. साइट त्याच हिशेबानं लावलेली असते. समजा पिस्तूल जरा मंद पडलं आणि वेग दीडशेवरून एकशे पंचेचाळीस मीटरवर आला. छर्रा आणखी दीड मिलिमीटर खाली येईल, बस्स. जाहिरातीत वेगाचे आकडे मोठ्या टायपात छापतात आणि नवखे त्यावर भुलतात. दहा मीटरवर वेगाला फारसं महत्त्व नाही. वेग एकसारखा आहे की नाही ते मात्र मी मोजतो, कारण तो पिस्तुलाच्या आतल्या हवेच्या झडपेची तब्येत सांगतो.

पाव मिलिमीटरची चूक कोण करतं? दोनच गोष्टी. हातात नीट न बसणारी मूठ आणि खेचताना अडखळणारा चाप. ऐंशी हजारांतला बराचसा पैसा तिथं जायला हवा.

त्या मुलीला मी क्लबचं एक पिस्तूल दिलं, रिकामं. ते मी स्वतः उघडून पाहिलं होतं आणि तिलाही उघडून दाखवायला लावलं. म्हटलं, "बाळा, भिंतीकडं तोंड कर. डोळे मीट. नेहमीसारखा हात वर घे, श्वास सोड, आणि आता डोळे उघड. काही सरळ करायचं नाही. माशी कुठं दिसते ते फक्त सांग."

"खाचेच्या उजव्या अंगाला. आणि वर."

तीनदा केलं. तीनही वेळा उजवीकडं आणि वर. मूठ मध्यम मापाची होती, तिच्या तळव्याला मोठी पडत होती. अंगठ्याच्या मुळाशी पोकळी राहत होती, त्यामुळं पिस्तूल तळव्यात वळायचं. आठ महिने ती प्रत्येक वेळी डोळे उघडल्यावर मनगट वाकवून माशी खाचेत आणत होती, आणि साठाव्या छर्ऱ्यापर्यंत ते मनगट थकायचं. वडील बाजूला उभे होते. त्यांना आकडे सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "म्हंजे मापाची चप्पल नसल्यावानी." अगदी तसंच आहे.

म्हणून पिस्तूल घेताना पहिली चौकशी मुठीची करावी. लहान, मध्यम, मोठी अशी मापं मिळतात. डावखुऱ्याची मूठ वेगळी असते, उजव्या हाताची घासून डावखुऱ्याला बसत नाही. खालची तळव्याची फळी वर-खाली सरकवता येते का ते पाहावं. नियमात एवढंच आहे की मुठीनं मनगटाला आधार देता कामा नये, सगळं पिस्तूल 420 गुणिले 200 गुणिले 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन दीड किलोच्या वर जाता कामा नये. बाकी लाकूड तुमचं आहे. जिथं तळवा दाबला जातो तिथं कानशीनं घासायचं, जिथं पोकळी आहे तिथं लाकडाची लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, आणि परत डोळे मिटून हात वर करून पाहायचं. एका बैठकीत हे होत नाही. घासलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून रोज थोडं थोडं. लाख-दोन लाखांचं पिस्तूल घेऊन त्याची मूठ जशीच्या तशी वापरणारी मुलं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट चाप. एअर पिस्तुलाचा चाप कमीत कमी 500 ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी तपासणीत नळी उभी धरून चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. चाप सुटला तर पिस्तूल बाद. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला मऊ सरकतो आणि एका जागी टेकतो, तिथून दुसरा काचेसारखा तुटतो, मध्ये किरकिर नाही, घसरण नाही. दुकानात छर्रा न घालता चाप ओढून पाहायची सोय असलेलं पिस्तूलच घ्यावं. त्याला कोरडा सराव म्हणतात, आणि रोजच्या सरावाचा मोठा भाग तोच असतो. घरात, भिंतीकडं तोंड करून, एक छर्राही खर्च न करता.

काही महाग पिस्तुलांत चाप विजेचा असतो, बॅटरीवरचा. त्याची सफाई विलक्षण असते. पण 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाच्या विजेच्या भागात बिघाड झाला आणि पात्रता फेरीतली मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली. 575 गुणांवर ती बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं याच प्रकारात कांस्य घेतलं ते सगळ्यांना आठवतं. मध्यम बजेटच्या घराला मी यांत्रिक चापच सांगतो. तो बिघडला तर पुण्यात कुणीतरी बसून उघडू शकतो.

मग हवा कुठून आणायची? तीन वाटा आहेत. नव्या पिस्तुलांत नळीखाली सिलिंडर असतो, 200 बार दाबाच्या हवेचा, आणि तो पाणबुड्यांच्या मोठ्या सिलिंडरवरून किंवा हातपंपानं भरतात. दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची, पण तिचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या रेंजवर तिचा भरवसा धरू नये. ती आता स्पर्धेतून जवळजवळ गेलीच आहे. तिसरी वाट म्हणजे नळीखालचा दांडा एकदा ओढून हवा भरायची आणि एकदा मारायचं. रशियाच्या इझेव्हस्कचं इझ-46एम हे या जातीचं. दिसायला ओबडधोबड, पण नळी लांब आणि जगभर क्लबांत अचूकतेसाठी नावाजलेलं. हातात मिळालं, मूठ बसली, तर कमी पैशात याच्याइतकं प्रामाणिक पिस्तूल मिळणं अवघड. साठ वेळा दांडा ओढून लहान मुलीचा हात थकतो, हा त्याचा तोटा. खेळण्याच्या दुकानातली स्प्रिंगची पिस्तुलं मात्र या यादीतच धरू नयेत. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत आतला दट्ट्या पुढं आपटतो आणि माशी उडते. त्यावर मूल धक्क्याला घाबरायला शिकतं, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

नव्या परदेशी सिलिंडरच्या पिस्तुलाला आपल्याकडं दीड लाख आणि त्याहून जास्त पडतात. कर आणि रुपयाचा भाव मिळून किंमत ठरते. ऐंशी हजारांत म्हणजे जुनंच. जुनं घेण्यात कमीपणा काहीच नाही. नेमबाज पुढच्या मॉडेलवर जातात, कॉलेज संपलं की काही जण खेळ सोडतात, आणि नळी तर हजारो छर्ऱ्यांनी झिजत नाही, कारण शिसं मऊ असतं. फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायचं. हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्याकडून जुनं पिस्तूल घेतलं, नळी सुंदर, चाप सुंदर. सिलिंडरवरची तारीख पाहायची राहिली. त्याची दहा वर्षं उलटून गेली होती. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि 200 बार दाबाचा जुना धातू हातात धरणं शहाणपणाचंही नाही. नवा सिलिंडर मागवेपर्यंत तो हंगाम गेला. आता मी पेटी उघडली की आधी सिलिंडर फिरवून तारीख वाचतो, मग बाकीचं.

त्यानंतर दाबाचा काटा पाहून पिस्तूल रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा उतरला असेल तर कुठंतरी रबरी कडी गेली आहे. हे स्वस्त दुखणं आहे, पण ते किमतीतून वजा करून घ्यावं. मग शिकंजा. शिकंजा नसेल तर वाळूची पिशवी, थोडं कमी भरवशाचं. चपट्या तोंडाचे छर्रे तीन-चार बनावटींचे घ्यायचे, डोक्याचा व्यास 4.48, 4.49, 4.50 असा डब्यावर लिहिलेला असतो, आणि प्रत्येकाचे पाच-पाच मारायचे. एकाच पिस्तुलातून एक बनावट पाच मिलिमीटरचं भोक पाडते आणि दुसरी नऊचं. पिस्तूल बदलण्यापेक्षा छर्ऱ्याचा डबा बदलणं किती स्वस्त पडतं, ते त्या कागदाकडं पाहिलं की कळतं. चपटं तोंड यासाठी, की ते कागदाला पंचसारखं गोल, स्वच्छ भोक पाडतं.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच एक हात खिशात घालून, नेहमीचा चष्मा लावून मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला, आणि जगभर त्याचं चित्र फिरलं. अनेक पालक मला ते दाखवून म्हणतात, बघा, साहित्य लागतच नाही. त्याच्या हातातलं पिस्तूल मात्र पूर्ण स्पर्धेचं होतं, आणि त्याची मूठ त्याच्या हाताची होती.

पौडच्या गृहस्थांना आम्ही शेवटी एक जुनं यांत्रिक चापाचं पिस्तूल मिळवून दिलं. सत्तावन्न हजार, लहान मूठ, सिलिंडरची सहा वर्षं बाकी. उरलेल्यांतून छर्रे, हातपंप, लाकडाची लांबी, दोन कानशी. तीन आठवडे मुलगी शाळेतून आल्यावर ओसरीवर बसून मूठ घासायची आणि डोळे मिटून हात वर करायची. वडिलांनी गोठ्याच्या भिंतीवर 1.40 मीटरवर खडूनं वर्तुळ काढलं होतं, कोरड्या सरावासाठी.

राष्ट्रीय स्पर्धेआधीची जी मोठी पात्रता स्पर्धा आहे, तिला मावळंकर म्हणतात. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, त्यांनी 1951 मध्ये देशाची रायफल संघटना उभी केली, त्यांच्यावरून हे नाव. मुलगी अजून त्या पायरीच्या खूप अलीकडं आहे. तिची पहिली स्पर्धा जिल्ह्याची होती. तपासणीच्या टेबलावर तिनं पिस्तूल ठेवलं, झडप उघडी, दोरी नळीतून आरपार. तपासनिसांनी सिलिंडर फिरवून तारीख वाचली, पेटीत माप घेतलं, नळी उभी धरून चापाला वजन अडकवलं आणि सावकाश उचललं. वजन थोडं झुललं, थांबलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चाप सुटला नाही. त्यांनी मुठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली, आणि घासलेल्या लाकडावरून अंगठा फिरवत विचारलं, "कोणी केलं हे?"

"मीच," ती म्हणाली, आणि पिस्तूल पेटीत ठेवलं.